भट्टीशिवाय

भवानी पेठेतून खजूर आणला, अर्धा किलो, बियांसकट.
बिनबियांचा महाग पडतो, आणि बिया काढायला
घरात एक रिकामा माणूस आहे.
पप्पा वर्तमानपत्र पसरून बसले,
छोट्या जाहिरातींचं पान वर,
आणि एकेक खजूर अंगठ्याने उघडत गेले,
दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडावं तसे,
जरा चोरून.

अक्रोड, बदाम, मूठभर जवस,
रविवार पेठेतली कोको पावडर, कडू, बिनसाखरेची,
चिमूटभर मीठ.
सगळं ओट्यावर मांडलं तेव्हा त्यांनी विचारलं,
"भट्टी किती वाजता लावायची?"
"लावायचीच नाही."
"मग भाजायचं कशावर?"
"भाजायचंच नाही, पप्पा.
वळायचं, डब्यात भरायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं."
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू मी म्हणाले होते,
देवळात जाऊ या, पण प्रार्थना नको.

एकेचाळीस वर्षं.
कॅम्पातल्या एका बोळात, पहाटे तीनपासून,
हातभर लांब फळीवर पाव आत, पाव बाहेर.
कोपरापर्यंत चटक्यांचे डाग,
काही जुने, पांढरे, काही त्याहून जुने.
मम्मी म्हणायची, तुझ्या पप्पांच्या हाताला केस येत नाहीत,
आग रोज दाढी करते त्यांची.
तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.
टांगलेल्या कव्हरांच्या मागे भिंत अजून काळी आहे.
मी बघितलीय. त्यांना सांगितलेलं नाही.

मिक्सर तिसऱ्या फेरीला अडला.
खजूर पात्याला चिकटून बसला, मोटारीचा जळका वास आला.
"बघ सुवार्ता," पप्पा म्हणाले, "काहीतरी भाजलंच."

मग उलथन्याने खरवडून
तो काळपट चिकट गोळा परातीत घेतला.
मी हाताला तूप लावलं, वजनकाटा मांडला.
कृतीत लिहिलं होतं, अठरा ग्रॅमचा एक.
माझा पहिला चोवीस. दुसरा तेरा.
पप्पांनी न बोलता परात स्वतःकडे ओढली,
शर्टाच्या बाह्या वर केल्या,
तीन बोटांनी एक लचका तोडला, तळव्यात फिरवला, ठेवला.
अठरा.
पुढचा. अठरा.
त्याच्या पुढचा, खिडकीबाहेर बघत,
खाली वानवडीच्या रस्त्यावर कोण कुणाला हॉर्न देतंय ते ऐकत,
अठरा.
मग मी काटा बंद केला.
सेल उगाच कशाला संपवायचा.

डॉक्टरीणबाईंनी नानकटाईवर फुली मारली आहे,
खारीवर फुली, टोस्टवर फुली,
म्हणजे एका माणसाच्या सबंध नोकरीवर फुली.
याबद्दल विचारलं तर म्हणाल्या,
"खजुरातही साखर असतेच हो. दिवसाला एक. मोजून."
बत्तीस झाले. महिनाभराचे, आणि दोन वर.
"ते दोन?"
"ते गिऱ्हाइकाचे," पप्पा म्हणाले,
"डझनावर एक जास्त द्यायची पद्धत होती आपली.
इथे तर हिशोबाने कमीच आहेत."

रात्री तीनला जाग आली.
स्वयंपाकघरात फ्रिजचा उजेड, जमिनीवर लांबट.
पप्पा स्वेटर घालून उभे,
तळव्यावर एक काळा गोळा उलटा धरलेला,
आणि त्याच्या बुडावर दुसऱ्या हाताचं बोट
टक, टक,
पाव शिजला की पोकळ वाजतो, तसं वाजवून बघत होते.
कान जवळ नेऊन.

मी दारातच थांबले.
"काय म्हणतोय?"
"काहीच बोलत नाही," ते म्हणाले.
थोडं थांबले. पुन्हा वाजवला.
मग तो आजचा की उद्याचा हे न ठरवता
अर्धा मला दिला.
दातांना गार लागला, मग कडू,
मग कुठूनतरी मागून, उशिरा,
गोड.